तंगूस आणि मोनोग्राम

सकाळी 6.20

उरणच्या चारफाट्याजवळची टपरी अजून बंद. शटरसमोर स्कूटर उभी आहे आणि तिच्या डिकीत सामान भरणं चाललंय. हीट गन. दहा मीटर वायरचं वेटोळं. निळा मास्किंग टेप. बिस्किटाच्या डब्यात धुऊन घडी केलेली मायक्रोफायबरची फडकी. पाण्याची वाटावी अशी एक बाटली, तिच्यावर मार्करने ठळक लिहिलंय: पिऊ नये. आत आयसोप्रोपिल, निम्मं पाणी घातलेलं. मेडिकलमधून आणलेलं निलगिरीचं तेल. कंपाऊंडची डबी. सगळ्यात शेवटी तंगुसाची रीळ, खिशात.

गाडीचा मोनोग्राम काढायला बाहेर दातात घालायचा दोरा वापरतात म्हणे. उरणात तंगूस आहे. मासे धरायचा, अर्ध्या मिलिमीटरचा. सहज तुटत नाही आणि एका रिळात कित्येक गाड्या होतात.

हे सामान भरणाऱ्या माणसाचं नाव फारसं कुणी घेत नाही. मोऱ्यापासून बोकडविऱ्यापर्यंत तो रेडियमवाला. नंबर प्लेटा हे त्याचं मूळ काम. 4141 चा 'दादा' करायचा, 214 चा 'राम', 8055 चा 'बॉस'. पोलिसांनी दंड मारला की तीच प्लेट सरळ करून द्यायची, त्याचे पुन्हा पैसे. मग एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या कंपनीचीच प्लेट लावून येऊ लागल्या. पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. चारचाकीला 745 रुपये आणि वर जीएसटी, ठरवून दिलेल्या केंद्रावर. टपरीचा निम्मा धंदा तिकडे गेला. उरलं रेडियम, आणि हे मोनोग्रामचं काम.

रविवारी तो घरोघरी जातो. गाडीवाले रविवारीच घरी सापडतात. आज मी त्याच्यासोबत आहे.

सकाळी 7.10

बोकडविऱ्याच्या पुढे ट्रेलर लागतात. बंदराला रविवार नसतो. फेब्रुवारी आहे, हवेत गारवा आहे, पण चाकांखालची धूळ गार होत नाही. स्कूटर कडेकडेने. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, आज साधारण एक लिटर जाईल.

सकाळी 7.30, जसखार

दुमजली घर, पुढे फरशीचं अंगण, अंगणात पांढरी स्कॉर्पिओ. मालकाचे दोन ट्रेलर बंदरात चालतात. तो ब्रश तोंडात घेऊनच बाहेर येतो. ओट्यावर त्याची आई पाय लांब करून बसली आहे.

2021 च्या ऑगस्टमध्ये महिंद्राने एसयूव्ही गाड्यांसाठी नवा लोगो आणला, दोन शिखरांचा. तोवरचा लंबगोल त्या दिवसापासून जुना दिसायला लागला. गाडीचं इंजिन तेच, चेसिस तीच, हप्ताही तोच. पण शेजाऱ्याने नवी घेतली की आपल्या गाडीचं वय तिच्या नाकावर दिसतं. मालकाला पुढचा आणि मागचा, दोन्ही बदलून हवेत.

"शेठ, मागचं दार रंगवलेलं आहे का?"

"नाही. कंपनीचा कलर आहे."

रेडियमवाला मोबाईलचा टॉर्च दाराला आडवा धरतो. उजेड सरकवत नेतो. बाजूच्या पत्र्यावर तो सपाट पसरतो, दारावर मात्र बारीक संत्र्याच्या सालीसारखा तुटतो. मग रबराची बीडिंग बोटाने उचलतो. खाली पांढऱ्या रंगाची धूळ बसलेली.

"हां, ते ट्रेलर रिव्हर्स घेताना लागलं होतं," मालक चूळ भरून म्हणतो. "दोन वर्षं झाली."

हा प्रश्न तो प्रत्येक गाडीला विचारतो, आणि उत्तरावर विसंबत नाही. कारखान्यात रंग 140 अंशांच्या आसपास भाजून निघतो. गॅरेजमध्ये फार तर साठ अंश, तेही भट्टी असेल तर. नाहीतर मंडपाखाली, वाऱ्यावर. असा रंग हीट गनने फुगतो आणि डबल टेपबरोबर सोलून येतो. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळूनही एक दशांश मिलिमीटरच्या थोडे वर भरतात. चूक लपवायला जागा नसते.

हीट गन डिकीतच राहते.

"आई, गरम पाणी मिळंल का? उकळतं नको. हात घालून काढता येईल एवढं."

सकाळी 7.50

पाणी तापेपर्यंत धुणं. फक्त मोनोग्रामभोवतीची हातभर जागा, पण नीट. इथल्या गाडीवर बंदराच्या रस्त्याची धूळ असते आणि तिच्यात खाडीकडून आलेलं मीठ. ती न धुता तंगूस ओढला तर तोच कण घेऊन तंगूस रंगावरून जातो. शाम्पूचं पाणी, स्पंज, साधं पाणी. जुन्या टूथब्रशने कडा. कडांतून काळं पाणी गळतं.

लंबगोलाचा क्रोम बघण्यासारखा झालाय. मोनोग्राम प्लॅस्टिकचा असतो, वर क्रोमचा पातळ मुलामा. खाऱ्या हवेत आधी टिपके येतात, मग पापुद्रे. जसखार, करंजा, मोरा, या पट्ट्यातल्या गाड्यांची ही खूण. त्याचा धंदा अर्धा हौसेवर चालतो आणि अर्धा खाऱ्या वाऱ्यावर.

आता मास्किंग टेप. लंबगोलाच्या खालच्या कडेला एक पट्टी, दोन्ही बाजूंना एकेक. पट्टीवर पेनने मधला बिंदू. मेजर टेपने दाराच्या दोन्ही कडांपासून अंतर. आकडे टेपवरच लिहितो. मालक विचारतो, एवढं कशाला, डोळ्याने कळतं की. डोळ्याला कळतं ते लावून झाल्यावर, तेव्हा उपयोग नसतो.

सकाळी 8.15

म्हातारी टोपात पाणी घेऊन येते. जाडं फडकं बुडवायचं, पिळायचं, मोनोग्रामवर दाबून धरायचं. निवलं की पुन्हा बुडवायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी अंगठ्याने कड हलवून बघायची. अजून नाही. पुन्हा. घरी हे करणाऱ्याचा संयम इथेच सुटतो आणि तो स्वयंपाकघरातून सुरी आणतो.

हाताला चटके बसतात. बोलत काही नाही. फडकं या हातातून त्या हातात.

मग तंगूस. हातभर तुकडा. दोन्ही टोकांना जुन्या पेनाची नळी बांधलेली, नाहीतर तंगूस बोटात शिरतो. वरच्या कडेमागे तो सरकवायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायचा, पण पत्र्याला समांतर. कोपर खाली गेलं की तंगूस रंगावर घासतो, म्हणून दोन्ही कोपरं खांद्याच्या रेषेत धरलेली. सुरुवातीला काही होत नाही. मग कुर्र असा बारीक आवाज. फोम कापला जातोय. काळा चुरा दारावरून खाली पडायला लागतो. मध्येच अडतं. जोर लावत नाही. पुन्हा फडकं, पुन्हा गरम पाणी, मग पुढे. शेवटच्या बोटभर जागेत तो डावा हात मोनोग्रामखाली धरतो, पडला तर कडा पत्र्यावर आपटतात. लंबगोल तळहातात येतो.

मालक तो घेतो, उलटसुलट करतो आणि खिडकीत ठेवतो.

"तो जुना काय वाईट व्हता?" म्हातारी म्हणते.

"आई, आता नवा आलाय."

"बंदर आला तवा आमी पन असाच म्हनायचो." ती मुलाकडे बोट करते. "एकोननव्वदला. तवा हा पोटान होता. हितं मागं मीठ पिकायचं आमचं."

मालक फोनवर बोलायला पलीकडे जातो. एक ट्रेलर गेटवर अडकलाय.

सकाळी 8.50

दारावर काळ्या फोमचा लंबगोल राहिलाय. ब्लेड नाही, पेचकस नाही, स्टीलची घासणी तर नाहीच. अंगठा. एका कडेपासून सुरू करून फोम गुंडाळत न्यायचा. गोळ्या होतात, गोळ्यांना गोळ्या चिकटतात. त्याच्या उजव्या अंगठ्याची कातडी गुळगुळीत झाली आहे. फोन बोट ओळखत नाही, म्हणून फोनला डाव्या हाताचा अंगठा दिलाय.

अंगठ्याने न निघालेल्या चिकटीवर निलगिरीचं तेल, फडक्यावर घेऊन. दोन मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. थिनर लवकर काढतो. रंगवलेल्या दारावर तो रंगही काढतो.

आता खालचा रंग दिसतो आणि प्रत्येक गाडीत हीच गंमत. लंबगोलाखालचा पांढरा पांढरा आहे. बाकीचं दार पिवळट. दोनच वर्षांचा रंग, तरी. नवा लोगो वेगळ्या आकाराचा, हा डाग झाकणार नाही. म्हणून कंपाऊंड, तेही लंबगोलावर नाही, भोवतीच्या पिवळ्यावर. हाताने, थोडं थोडं, मोठ्या वर्तुळात. मशीन त्याच्याकडे आहे, पण रंगवलेल्या दाराच्या कडेला तो मशीन लावत नाही.

सकाळी 9.20

नव्या मोनोग्रामच्या पाठीला प्लॅस्टिकच्या दोन पिना आहेत. दाराला त्या मापाची भोकं नाहीत. कुणी ड्रिल काढतात. तो कटरने पिना कापतो आणि सपाट घासतो. उरणात पत्र्याला पाडलेलं भोक एका पावसाळ्यात गंजतं, आणि गंज आतून चालतो, बाहेर दिसेपर्यंत दार गेलेलं असतं.

मोनोग्रामवर आलेला डबल टेप तो काढून टाकतो. डुप्लिकेट मालाचा टेप मे महिन्यात सुटतो. स्वतःचा लावतो, थ्रीएमचा, कडेपासून दोन मिलिमीटर आत. आयसोप्रोपिलने दार पुसतो, एकाच दिशेने, कोरड्या फडक्याने लगेच टिपतो. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुरतं. टेपवरचे आकडे, मधला बिंदू, खालची पट्टी. सालपट न काढता एकदा नुसतं धरून बघतो आणि मालकाला बोलावतो.

"लांबून बघा. सरळ आहे?"

"आहे."

"फोटो काढू?"

हा फोटो नंतरच्या भांडणासाठी. एकदा चिकटला की पुन्हा तंगूस.

सालपट काढतो, खालची कड पट्टीवर टेकवतो, वर लोटतो, दोन्ही तळव्यांनी दाबून धरतो. ओठ हलतात, मोजतोय. पुढचा मोनोग्राम जाळीत क्लिपांवर आहे. तो दहा मिनिटांत होतो आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

"आज धुवायची नाही. उद्याही नको. प्रेशर पंप तर तीन दिवस नाही."

डबल टेप वीस मिनिटांत निम्मी पकड घेतो, चोवीस तासांत नव्वद टक्के, पुरी पकड यायला बहात्तर तास. हे तो आकड्यांसकट सांगतो, कारण धुवायची नाही एवढंच सांगितलं तर लोक धुतातच.

दोन मोनोग्राम 900, मजुरी 500. शेठ तेराशे देतो, गूगल पेवर. शंभर सुटे नाहीत म्हणतो. गूगल पेवर.

सकाळी 10.40, द्रोणागिरी नोड

बिल्डिंगचं पार्किंग. वॉचमन वहीत सही घेतो, वेळ लिहितो, पाणी वापरायचं नाही म्हणून सांगतो. लाल हॅचबॅक, बोनेटवर मोनोग्राम नाही. त्या जागी चिकटीचे काळे तुकडे आणि तीन चरे. मालक तरुण आहे, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या.

"मीच काढला. व्हिडिओत सोपं वाटलं."

"कशाने?"

"पेचकसने. कापड गुंडाळलं होतं. मग थोडा थिनर."

रेडियमवाला वाकून बघतो. नखाने चऱ्यावरून आडवं जातो. दोन चऱ्यांत नख अडकत नाही, ते वरच्या पारदर्शक थरात आहेत, पॉलिशने जातील. तिसऱ्यात अडकतं. आत करडा प्रायमर दिसतोय.

"हा माझ्याने जायचा नाही. पेंटरचं काम आहे. बोनेट पूर्ण रंगवायला सांगेल, दोन-तीन हजार म्हणेल."

तरुण गप्प होतो. वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी उभं आहे.

मग मोजमाप. नवा मोनोग्राम जुन्यापेक्षा किंचित मोठा आहे. चार मिलिमीटर खाली घेतला तर तिसरा चरा त्याच्या पायाखाली जातो. कंपनीच्या जागेपेक्षा खाली, पण शेजारी दुसरी तीच गाडी लावल्याशिवाय कुणाला कळणार नाही. तो हे सगळं तरुणाला आधी सांगतो आणि टेप लावून दाखवतो. तरुण खिडकीकडे बघून हो म्हणतो.

चऱ्यात टचअपचा एक थेंब, काडेपेटीच्या काडीने. उघडा राहिला तर झाकणाखाली गंजेल. तो वाळेपर्यंत पॉलिश. मोनोग्राम 300, लावायचे 250, पॉलिशचे 200. इथे घासाघीस होत नाही. निघताना तरुण विचारतो, हे घरी करता येतं का खरं? येतं, तो म्हणतो. हेअर ड्रायर घ्यायचा, हात लावता येईल इतपतच तापवायचं, तंगूस घ्यायचा, आणि पूर्ण सकाळ मोकळी ठेवायची. सगळ्यांचं तिथेच अडतं.

धंद्याचं गुपित असं फुकट सांगून टाकणं मला आधी वेडेपणाचं वाटलं. पण तीन चरे बघितल्यावर कोण स्वतः करणार?

दुपारी 12.50

चारफाट्यावर वडापाव दोन, चहा एक. टपरी उघडली आहे. बारा ते साडेतीन गाडीला हात लावायचा नाही हा त्याचा नियम. उन्हातलं बोनेट हाताला लागत नाही इतकं तापतं. काढायला ते बरं, पण लावताना आयसोप्रोपिल पुसण्याआधीच उडून जातं आणि मळ जागेवर राहतो. पावसाळ्यात उलट. जून ते सप्टेंबर दमटपणाने टेप धरत नाही, म्हणून ते चार महिने मोनोग्राम जवळजवळ बंद. तेव्हा ताडपत्री, छत्र्यांची दुरुस्ती, मोबाईलची काच, जे येईल ते.

काही कामं तो परत पाठवतो. नव्या काही गाड्यांत पुढच्या मोनोग्राममागे रडार असतो, समोरच्या गाडीचं अंतर मोजणारा. तिथे डुप्लिकेट मोनोग्राम लावला तर रडार आंधळा होऊ शकतो. अशी गाडी आली की सरळ सांगतो, शोरूमला जा.

आत प्लॉटरवर एकवीरा आईचं रेडियम कापलं जातंय, पिकअपच्या मागच्या काचेसाठी. कापतं मशीन. पण नको असलेले तुकडे चिमट्याने उचलायचे असतात, आणि देवीच्या मुकुटात ते शंभरेक असतील. मान खाली, तासभर.

दुपारी 4.10, करंजा

बंदरावर होड्या लागल्या आहेत. होड्यांची नावं पेंटर हाताने रंगवतो. रेडियम खाऱ्या पाण्यात टिकत नाही. रेडियमवाला थांबून एक नवीन नाव बघतो. 'ळ' चांगला काढलाय म्हणतो.

जाळ्यांच्या सामानाच्या दुकानातून तंगूस घेतो. दुकानदार विचारत नाही कशाला, त्याला ठाऊक आहे.

गल्लीतलं काम छोटं. डिकीवर 'एलएक्सआय' आहे, ते काढून 'झेडएक्सआय' लावायचं. म्हणजे सगळ्यात स्वस्त मॉडेलची गाडी महागातली दिसणार, मागून. पुढे पॉवरच्या खिडक्या नाहीत, चाकांना साध्या टोप्या. मी हसतो. मालकाच्या लक्षात येतं.

"मुलीला बघायला येनार हायत," तो म्हणतो. "पावने डिकीच बगतात. आत कोन बसतो?"

रंग कंपनीचा आहे, म्हणून हीट गन. फूटभर लांबून, हात सतत हलता. एका जागी थांबवायची नाही. तंगूस सगळ्या अक्षरांमागून एका दमात जातो. नवी अक्षरं पारदर्शक कागदावर ओळीत येतात, त्यामुळे अंतर चुकत नाही. अक्षरं 120, मजुरी 150. त्याने निळ्या पट्टीचा शेवटचा तुकडा ओढला, तेव्हा मालकाची बायको बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "सरल लागला."

संध्याकाळी 6.40

टपरीसमोर पिकअप. एकवीरा आई काचेवर जाते. साबणाचं पाणी फवारायचं, रेडियम सरकवून जागेवर आणायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून कडेला पाणी काढायचं. पंधरा मिनिटं. साडेतीनशे. ड्रायव्हर आधी नमस्कार करतो, मग पैसे देतो.

एक जण बाईक घेऊन येतो. फॅन्सी नंबर हवाय. नाही, तो म्हणतो. बाईकवाला म्हणतो, आधी तूच करून दिला होतास. आधी, हो.

रात्री 8.15

हिशोब पाठकोऱ्या बिलावर. आले 2670. मोनोग्राम, अक्षरं, रेडियम यांचे गेले 1070. टेप, आयसोप्रोपिल, तेल, कंपाऊंड मिळून शंभर धरतो. पेट्रोल 110. खाणं 90. टपरीच्या भाड्याचे रोजचे दीडशे. उरले 1150. आठवड्यातला हा सगळ्यात चांगला वार. मंगळवारी-बुधवारी तीनशे सुटले तरी तो खूश असतो.

फोन वाजतो. जसखारचा शेठ. मोनोग्रामच्या कडेला पांढरं काहीतरी राहिलंय, धुऊन टाकू का?

"कंपाऊंड आहे ते, शेठ. सुक्या फडक्याने पुसा. पाणी नको. परवा मी येतो तिकडे, बघतो." थोडा थांबून, "आणि ते शंभर राहिलेत."

उद्या कुर्ला. सीएसटी रोडवरून माल आणायचा. पूर्वी मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का, मग पुढे बस, अख्खा दिवस जायचा. जानेवारी 2024 पासून उरणची लोकल झाली, नेरुळला गाडी बदलली की दुपारी परत. यादी तो बिलाच्या मागच्याच बाजूला लिहितो. दोन शिखरं, मोठी, चार. छोटी, दोन. झेडएक्सआय, तीन. टेप, दहा मिलिमीटर. लंबगोल एकही नको.